चौथ्या पायरीवरून परत आलेले प्रश्न

कर्र... असा आवाज यायचा. मग दोन श्वास शांतता. आणि मग पुन्हा एकदा, कर्र...

बोरिवलीला स्टेशनजवळ एका धान्याच्या दुकानावर आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. जिना लाकडी. वरून चौथी पायरी ढिली झालेली. माझं स्टूल जिन्याच्या तोंडाशी. साहेबांच्या केबिनमधून माणूस निघाला की खाली उतरताना ती पायरी वाजायची. त्याला सगळं समजलं असेल तर एकदाच. समजलं नसेल तर तो तिथे थबकायचा, जरा विचार करायचा आणि वळायचा. पायरी दुसऱ्यांदा वाजली की मी उठायचो. म्हणायचो, "या, बसा. काय राहिलं?"

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. गिरणीतलं काम सुटलं आणि मी साहेबांकडे शिपाई म्हणून लागलो. शाळा चौथीपर्यंत. बोलणं सावकाश. आमची मंडळी म्हणायची, "ह्यांचं एक वाक्य संपेपर्यंत चहा निवतो!"

ऑफिसातलं काम जागांच्या कागदांचं. कुणाचा फ्लॅट, कुणाचं दुकान, कुणाची जमीन, ती कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर करायची. अशा ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. पावसाळ्यात छत्र्या राहून जातात ना, तसे ते राहून जातात. माणूस काम उरकून जातो आणि किस्सा कोपऱ्यात उभा असतो.

*

सुरुवात एका जोडप्यापासून झाली. दहिसरला फ्लॅट घेत होते. साहेबांनी त्यांना अर्धा तास समजावलं. टायटल, सर्च, एनओसी, सगळं. दोघं मान हलवत होती. बाहेर पडली. कर्र... आणि पुन्हा कर्र.

बाई हळूच म्हणाली, "काका, साहेब काय म्हणाले हो?"

मी इकडे तिकडे बघितलं. म्हटलं, "ताई, साहेब म्हणाले, विकणारा खरंच मालक आहे का ते आधी बघू. त्याने हीच जागा आणखी कुणाला विकलीय का, कुठे गहाण टाकलीय का ते बघू. तोवर तुम्ही त्याच्या हातात काही देऊ नका."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग अर्धा तास काय बोलत होते?"

मी उत्तर देणार तोच बघतो तर साहेब दारात उभे! मला वाटलं, झालं, ही पण नोकरी गेली. जोडपं उतरून गेल्यावर साहेब म्हणाले, "परब, मी मराठीतच बोलत होतो ना?"

"हो साहेब. पण तुम्ही बोलताना घड्याळाकडे बघता."

साहेब आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर माझ्या स्टुलाशेजारी आणखी एक नवं स्टूल ठेवलेलं होतं.

*

त्या नव्या स्टुलावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच. "फ्लॅटचं ॲग्रीमेंट आहे, सोसायटी रजिस्टर आहे, शेअर सर्टिफिकेट पण आहे. म्हणजे जागा आमचीच ना?"

एकदा एक गृहस्थ असेच परत वर आले. मी सांगितलं, "फ्लॅट तुमचा. बिल्डिंग सोसायटी सांभाळते. पण खालची जमीन अजून जुन्या मालकाच्याच नावावर आहे. ती सोसायटीच्या नावावर करून देतात, त्या कागदाला कन्व्हेयन्स म्हणतात. सोसायटी झाली की बिल्डरने चार महिन्यांत तो करून द्यायचा असतो."

"आमच्या सोसायटीला सहा वर्षं झाली!"

"मग तो राहिलाय."

गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे मी काय हवेत राहतो?"

"कितवा मजला?"

"तिसरा."

"मग तसं हवेतच की हो!"

ते हसले. पण त्यांच्या मागे त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी उभ्या होत्या, कर्णिकबाई. शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. हातात कापडी पिशवी, पिशवीत लोकर आणि सुया. त्या हसल्या नाहीत.

"परब, हसू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या मागच्या मोकळ्या जागेत बिल्डरने चुन्याच्या रेघा मारल्यात. तिथे आणखी एक विंग उठवणार आहे. सोळा घरांच्या स्वयंपाकघरांसमोर भिंत येईल. मुलं खेळणार कुठे? वारा कुठून येणार? जमीन आमची झाली तरच त्याला थांबवता येईल."

मी स्टूल पुढे केलं.

"कन्व्हेयन्स हातात आल्याशिवाय मी तुमचा हा जिना सोडणार नाही," असं म्हणून त्या उतरून गेल्या. पायरी एकदाच वाजली.

*

दुकानवाल्यांचे प्रश्न वेगळे. आमच्याच रस्त्यावरचे एक शेठ दुकान विकायला निघाले होते. साहेबांनी जुने कागद बघून सांगितलं, "शेठ, यात दुकान आहे. पोटमाळा नाही. तो तुम्ही नंतर ठोकलात. महापालिकेला विचारलं नाहीत, कागदात पण आला नाही."

शेठ परत वर आले. कर्र. माझ्याशेजारी बसले. घाम पुसला.

"परबभाई, पोटमाळा कागदात नाय?"

"नाही शेठ."

"पण माझी सासू चार वर्षं तिथेच झोपते!"

मी सावकाश म्हटलं, "मग शेठ, सासूबाई पण कागदात नाहीत."

शेठनी बराच वेळ विचार केला. मग माझ्याकडे वाकून कानात विचारलं, "मग दुकान विकलं तर ती त्याच्याकडे जाते का माझ्याकडे राहते?"

*

आमच्या टायपिस्ट लोबोबाई. हात असा चालायचा की खालचा धान्यवाला म्हणायचा, वर पाऊस पडतोय. पण सगळ्या टायपिस्टांची असते ती सवय त्यांनाही होती. नवा कागद करायचा तर जुना समोर ठेवायचा आणि नावं तेवढी बदलायची.

जागेच्या प्रत्येक कागदात शेवटी चतुःसीमा असते. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. एकदा मुलुंडच्या एका सोसायटीचा कागद झाला. कमिटीची माणसं सही करायला आली. त्यांचे चेअरमन वाचता वाचता थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वकीलसाहेब, आमच्या पश्चिमेला समुद्र आहे?"

जुहूच्या एका बंगल्याचा कागद समोर ठेवून लोबोबाईंनी मुलुंडचा केला होता!

लोबोबाई कानापर्यंत लाल झाल्या. साहेब माफी मागायला लागले. पण चेअरमन हात वर करून म्हणाले, "थांबा थांबा, खोडू नका. आधी कमिटीला विचारू द्या!"

त्या दिवसापासून साहेबांनी नियमच केला. सहीच्या आधी चतुःसीमा मोठ्याने वाचायची.

*

कागद रजिस्टर झाला तरी हातात यायचा नाही. तेव्हा कागद फोटो काढायला पुण्याला जायचे, आणि परत यायला वर्षं लागायची. हे लोकांना समजावणं म्हणजे माझी परीक्षा.

कोकणातून आलेले एक आजोबा होते. मुलाने घर घेतलं म्हणून कागद बघायला मुद्दाम बोरिवलीला आलेले. मला म्हणाले, "कागद खंय आसा?"

"पुण्याला गेलाय."

"पुण्यात त्याचा काय काम?"

"फोटो काढायला गेलाय आजोबा."

आजोबा वळले. दोन पायऱ्या उतरले. परत आले.

"माझ्या लग्नाचो फोटो एका दिवसात मिळालो होतो रे! आणि आम्ही दोघा होतो!"

*

आता परत कर्णिकबाईंकडे येतो.

बिल्डर कधी भेटायचाच नाही. ऑफिसात विचारलं की त्याची माणसं म्हणायची, "शेठ साइटवर गेलेत." साइटवर विचारलं की, "शेठ ऑफिसात." मग कर्णिकबाईंनी ठरवलं. दर शनिवारी सकाळी दहा वाजता त्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं. बरोबर जेवणाचा डबा आणि लोकर. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. नुसतं बसायचं आणि विणायचं.

पहिला स्वेटर झाला. दुसरा झाला. तिसऱ्याच्या बाह्या चालू असताना एकदा बिल्डर चुकून समोर आला. म्हणाला, "अहो बाई, मुंबईत स्वेटर कोण घालतं?"

बाईंनी मान पण वर केली नाही. "कोणीच नाही. तरी विणतेय ना? तुम्ही सही करा, मी थांबवते."

पाचव्या स्वेटरला तो वैतागला. म्हणाला, "मी एका पायावर सही करतो. पण जमीन माझ्या नावावर कुठे आहे? जुनी मालकीण ती कोळीण म्हातारी. तिचा अंगठा आणा, मी त्याच मिनिटाला सही करतो. तुमच्या वकिलासमोर शब्द देतो!"

आणि हसला. कारण त्याला माहीत होतं, ती म्हातारी अंगठा देत नाही.

पाचही स्वेटर कर्णिकबाईंनी आमच्या ऑफिसात आणून ठेवले. एक अजून माझ्याकडे आहे. कधी घातला नाही.

*

ती म्हातारी म्हणजे चांगुणाआजी. बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला बसायची. मी तिच्याकडून बांगडे घ्यायचो. तिच्या नवऱ्याची ती जमीन, त्याने बिल्डरला नुसती बांधायला दिलेली. नवरा गेल्यावर तिच्या नावावर आलेली. मूलबाळ नाही. सोसायटीच्या मागच्या बाजूला तिची एक विहीर होती. बिल्डिंग बांधताना बिल्डरने न विचारता पंप लावून त्या विहिरीचं पाणी ओढलं, तेव्हा आजीने विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं आणि टाळं ठोकलं. सोळा घरांना नळाचं पाणी कमी पडायचं. बायका टँकरमागे कळश्या घेऊन धावायच्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ते टाळं बघायच्या.

कर्णिकबाई आजीकडे किती वेळा गेल्या त्याची मोजदाद नाही. दर वेळी आजी एकच म्हणायची, "वाचून दाखवा. सगला. मना समजंल असा."

कागद इंग्रजीत, वीस पानी. लोक म्हणायचे, म्हातारी हट्टी आहे, काहीतरी हवं असेल तिला. एकदा बांगडे घेता घेता मी विचारलं, "आजी, एवढं काय अडलंय तुझं?"

तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "माज्या नवऱ्याला बिल्डरची मान्सं बोल्ली, नुसता अंगठा दे. त्यानं दिला. घरी आल्यावर समजला, मासली सुकवायची जागा पन गेली. तो त्या दिसापासून जेवला नाय नीट. आता मी ऐकल्याबिगर देयाची नाय."

मी बांगडे घेऊन सरळ ऑफिसात आलो. साहेबांना म्हटलं, "हा कागद मला मराठीत सांगा. मी लिहून घेतो आणि तिला वाचून दाखवतो."

"परब, वीस पानं आहेत."

"साहेब, तिचं आयुष्य आहे."

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत साहेब सांगत होते आणि मी शंभर पानी वहीत माझ्या वाकड्या अक्षरात लिहीत होतो. एका जागी साहेब अडले. इंग्रजी शब्द होता इंडेम्निफाय. म्हणाले, "लिहा, क्षतिपूर्ती."

"साहेब, ती मला टोपलीने मारेल."

"मग तुम्हीच सांगा, काय लिहायचं."

मला अर्थ विचारावा लागला. त्यांनी सांगितला. मी थोडा वेळ घेतला. मग म्हटलं, "उद्या या जमिनीवरून कोणी तुमच्याशी भांडायला आलं, तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन."

 साहेबांनी स्वतःच्या डायरीत ते वाक्य लिहून घेतलं.

*

ठरलेल्या दिवशी दुपारी बाजार उठल्यावर चांगुणाआजी आली. रिकामी टोपली दाराशी ठेवली. खुर्ची दिली तर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. मग मी पण माझं स्टूल सोडून तिच्यासमोर खाली बसलो. एका बाजूला कर्णिकबाई विणत होत्या. दुसऱ्या बाजूला बिल्डर शेठ मजेत चहा पीत होता.

मी वाचायला लागलो. मी सावकाश वाचणारा, ती सावकाश ऐकणारी. प्रत्येक वाक्याला ती "हं" म्हणायची, की मी पुढे जायचो. बिल्डर दोनदा म्हणाला, "अरे, संध्याकाळ होईल!" कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी चतुःसीमा आली.

"पूर्वेला रस्ता."

"हं."

"दक्षिणेला शाळा."

"हं."

"पश्चिमेला दुसऱ्या सोसायटीची भिंत."

"हं."

"उत्तरेला नाला."

हं आलं नाही.

"परत बोल," आजी म्हणाली.

"उत्तरेला नाला."

"नाला हिरीच्या पल्याड हाय. मंजे माजी हिर या कागदात गेली. माजा नवरा बोल्ला होता, हिरीपर्यंत दिली. हिर नाय दिली."

 साहेबांनी कपाटातून तिच्या नवऱ्याने बिल्डरला करून दिलेला पहिला कागद काढला. त्याला नकाशा जोडलेला होता. साहेबांनी बोट ठेवून रेघ बघितली. रेघ विहिरीच्या अलीकडेच थांबत होती. चतुःसीमा बिल्डरच्या ऑफिसातून लिहून आली होती, आणि लोबोबाईंनी ती जशीच्या तशी उतरवली होती. नियमाप्रमाणे मोठ्याने वाचली तर सगळ्यांनीच होती. पण तो नाला कुठे आहे, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं?

बिल्डरने कप खाली ठेवला आणि कर्णिकबाईंकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "बाई, आहे तसंच राहू द्या. तुमचाच फायदा आहे. विहीर सोसायटीला मिळते. पाण्याचा प्रश्न कायमचा मिटला!"

तो एवढं गोड का बोलतोय ते मला कळत होतं. बाई नाल्यावर अडल्या की आजी उठून जाणार. आजी गेली की कन्व्हेयन्स गेला. मग चुन्याच्या रेघांवर भिंती चढणार.

आणि बाईंचा मोह पण मला कळत होता. मी त्यांना टँकरमागे धावताना बघितलं होतं.

कर्णिकबाईंनी सुया थांबवल्या. लोकर मांडीवर ठेवली.

"वकीलसाहेब, उत्तरेला विहीर लिहा. चांगुणाबाईंची विहीर, असं नाव घालून लिहा."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही माझे अशील आहात, म्हणून विचारतो. कमिटीला विचारायचं नाही?"

"कमिटीला मी सांगेन. तीस वर्षं वह्या तपासल्या मी. चुकलेल्या गणिताला बरोबरची खूण केली नाही कधी."

लोबोबाईंनी ते पान नव्याने टाइप केलं. मी तेही पुन्हा वाचलं. "उत्तरेला चांगुणाबाईंची विहीर."

"हं," आजी म्हणाली.

तिने अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड धरला. अंगठा कागदावर टेकवला तेव्हा तिने एवढा वेळ दाबून धरला, की मला वाटलं, कागदाला भोक पडेल.

साहेबांनी पेन बिल्डरसमोर धरलं. "शेठ, त्याच मिनिटाला म्हणाला होतात."

तो एकदा घड्याळाकडे बघत होता, एकदा दाराकडे. कर्णिकबाईंनी पिशवीतून नवी लोकर काढली आणि पहिला टाका घातला. तेवढ्यावर त्याने सही केली! रजिस्ट्रारकडे सोमवारी जायचं ठरलं आणि तो जिना उतरून गेला.

मी आजीला अंगठा पुसायला फडकं दिलं. तिने घेतलं नाही. भिंतीचा आधार घेत उठली. दाराशी जाऊन टोपली उचलली, काखेत घेतली. मग वळली, परत आत आली. कमरेला खोचलेली कापडी पुरचुंडी सोडली. त्यातून एक जाडजूड, गंजलेली किल्ली काढली आणि कर्णिकबाईंच्या मांडीवर, लोकरीच्या गुंड्याशेजारी ठेवली. किल्लीवर अंगठ्याची निळी शाई लागली.

बाईंनी ती मुठीत धरली.

आजी माझ्या दोन्ही स्टुलांच्या मधून बाहेर पडली. एक पायरी, दुसरी, तिसरी.

कर्र.

मी सवयीने उठून उभा राहिलो. आम्ही सगळे कान लावून थांबलो होतो. खालून धान्याच्या दुकानातला तराजूचा आवाज येत होता. पायरी पुन्हा वाजली नाही.